सात ते नऊ

नेवासे तालुक्यातलं सौंदाळा नोव्हेंबर 2024 मध्ये राज्यभर गाजलं ते शिव्यांमुळे. आईबहिणीवरून शिवी दिली तर 500 रुपये दंड, असा ठराव गावाने केला. त्यासोबत ठरलेली दुसरी गोष्ट बातमीच्या शेपटाला राहिली: शाळकरी मुलांनी संध्याकाळी 7 ते 9 मोबाईल हातात घ्यायचा नाही. आम्हाला दंडापेक्षा हे कलम धाडसाचं वाटतं. शिवी गिळता येते. पोराचा मोबाईल काढून घ्यायचा तर बापाला आधी आपला खाली ठेवावा लागतो, आणि तिथेच घोडं अडतं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ही अडचण आधीच ओळखली होती. तिथे 2022 पासून संध्याकाळी 7 ला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. लहानांचे तसेच थोरांचेही.

मोबाईलला वैरी ठरवायला मात्र आमचं मन घेत नाही. परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले यांनी क्यूआर कोडचा प्रयोग केला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते कोड आले. 2020 च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवरच्या ‘टिलिमिली’ मालिकेने पुस्तकातले धडे घरात आणले. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात रेंज शोधत फिरणाऱ्या पोरांना विचारा, मोबाईल चांगला की वाईट. आधी लागू तर दे, म्हणतील.

आणि ऊसतोडीला जाणारी मुलं? दिवाळीच्या सुमारास, आपण फराळाची ताटं एकमेकांकडे पाठवत असतो तेव्हा, पाथर्डी-शेवगावकडच्या टोळ्या मुकादमाची उचल फेडायला निघतात. कागदावर शिक्षण हमी पत्रक आहे, हंगामी वसतिगृहं आहेत. तरी बरीच मुलं आईबापांमागे फडावर जातातच. कोपीत वीज नाही, घरात मोबाईल एक, तो दिवसभर बापाच्या खिशात. पण गावच्या शाळेतल्या बाईंनी रात्री पाठवलेलं एक गणित, पोराने सोडवून टाकलेला त्याचा फोटो, एवढा जरी धागा राहिला तरी हंगाम संपल्यावर ते पोर वर्गात परकं ठरत नाही. इथे मोबाईलच शाळा टिकवतो. मात्र पलीकडे उत्तर तपासणारं माणूस हवं.

नेमकं ते माणूसच आपण अडकवून ठेवलंय. लिंक भरा, फोटो टाका, आज पाचच्या आत माहिती द्या. ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत गुरुजींना मोर्चे काढावे लागले, ते याच राज्यात. प्रोजेक्टरसाठी लोकवर्गणी जमते, फीत कापली जाते. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला कोण फीत कापतो? शिकवायचं कसं हे शिकायला सावित्रीबाई फुले नगरला मिस फरार यांच्याकडे आल्या होत्या. हा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्याला यंत्राच्या आधी शिक्षक आठवायला हवा.

मोबाईलचा धोका किती, हे 2024 च्या ‘असर’ अहवालावरून दिसतं. ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 82 टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी उपयोग केलेले 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी 76. यात आश्चर्य काही नाही. आपल्या घरातल्या मोठ्यांचे आकडे कुणी मोजलेले नाहीत, हे आपलं नशीब.

म्हणून आमची सूचना लहानशी आहे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत सौंदाळ्याचं कलम आपापल्या गावात मांडा, पण ‘शाळकरी मुलांनी’ हे शब्द खोडून ‘सर्वांनी’ लिहा. ज्यांची मुलं फडावर आहेत त्यांना सूट द्या. त्या मुलांचा अभ्यास कदाचित त्याच दोन तासांत येईल. आणि सरपंचांचा फोन वाजला तर काय करायचं, तेही त्याच सभेत ठरवून टाका.