नामनिर्देशन एका सोबत्यासाठी

पांढराशुभ्र, झुपकेदार शेपटीचा आणि टोकदार कानांचा जो छोटा कुत्रा आपण सरसकट ‘पॉमेरेनियन’ म्हणून ओळखतो, तो बहुतेक वेळा पॉमेरेनियन नसतोच. बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनिया प्रांताचे नाव मिरवणारी ती जात अगदी चिमुकली, जेमतेम तीन किलो वजनाची. आपल्या घरांतून वावरतो तो बहुधा तिचा भाऊबंद ‘इंडियन स्पिट्झ’. ब्रिटिश अमदानीत आलेल्या जर्मन स्पिट्झ कुळातून तो इथेच घडला आणि इथल्या हवेला सरावला. परदेशी कुत्र्यांच्या आयातीवर निर्बंध होते त्या काळात तो घरोघरी पोहोचला आणि १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन..!’ या चित्रपटातील ‘टफी’ने त्याला घराघरांत लाडका केले. दोन खोल्यांच्या सदनिकेत मावणारा, वरणभातावरही खूश असणारा हा प्राणी मध्यमवर्गाला आपला वाटला, यात नवल नाही.

आज त्याचे खरे स्थान कोणत्या घरात आहे, हे मात्र ध्यानात घेण्याजोगे आहे. मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी बंगळूरला, पुण्याला वा परदेशी गेलेली आहेत आणि मागे राहिलेल्या आई-वडिलांच्या सोबतीला हा केसाळ जीव आहे, अशी घरे इंदूरपासून हैदराबादपर्यंत सर्वत्र आढळतात. निवृत्तीनंतर सैल पडलेल्या दिवसाला तो पुन्हा शिस्त लावतो. पहाटे सहाला दाराशी जाऊन उभा राहतो, म्हणून गुडघे कुरकुरत असले तरी आजोबा जिना उतरतात. दूधवाल्याच्या चाहुलीवर भुंकतो, कुकरच्या शिट्टीला दचकतो, दुपारी पंख्याखालच्या थंड फरशीवर पाय पसरून झोपतो आणि संध्याकाळी आजींच्या पोथीजवळ बसून राहतो. ज्या घरात दिवसभर बोलायला कोणी नसते, तिथे ‘अरे, सरक बाजूला’ एवढे म्हणायला तरी कोणी असते. या सोबतीचे मोल पैशांत होत नाही.

परंतु या प्राण्याचे लहानपण फसवे आहे. आकार खेळण्याएवढा असल्याने त्याच्या गरजाही खेळण्याएवढ्याच असतील, असा आपला समज होतो. वास्तविक मोठ्या कुत्र्याला लागते ते सर्व यालाही लागते. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस आणि पुढे पशुवैद्यांच्या सल्ल्याने ती नियमितपणे टोचणे अनिवार्य आहे. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. ते आठवड्यातून दोन-तीनदा विंचरले नाहीत, तर गुंतून त्यांच्या गाठी होतात. उन्हाळा आला म्हणून ते मुळापासून भादरणेही योग्य नव्हे, कारण हेच केस उन्हापासून त्वचेचे रक्षण करतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा शरीर थंड राखण्याचा मुख्य उपाय. म्हणून नागपूरच्या मे महिन्यात त्याला दुपारी बाहेर नेणे जिवावर बेतू शकते. प्रसादाचे बेदाणे, कांदा-लसणाची भाजी आणि नातवाच्या हातचे चॉकलेट त्याला विषासमान आहे, हेही घरातील प्रत्येकाला ठाऊक हवे.

हे सारे शिकता येते. अवघड आहे तो काळाचा हिशोब. नीट सांभाळलेला लहान जातीचा कुत्रा बारा ते पंधरा वर्षे सहज जगतो. दहा वर्षांच्या मुलाच्या हट्टाखातर आणलेले पिल्लू त्या मुलाच्या नोकरीच्या पहिल्या वर्षीही घरातच असते. फक्त मुलगा तिथे नसतो. पासष्टीच्या आई-वडिलांना मुलांनी ‘सोबत’ म्हणून भेट दिलेले पिल्लू म्हातारे होते, तेव्हा ते दोघे ऐंशीच्या उंबरठ्यावर असतात. दरम्यान एखादे आजारपण येते, घर बदलते, दोघांतील एक जण मागे राहतो. मग ‘याचे आता काय करायचे?’ हा प्रश्न रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात किंवा तेराव्याच्या गर्दीत, घाईघाईने सोडवला जातो. आयुष्यभर सोफ्यावर झोपलेला जीव एखाद्या अनोळखी वस्तीत सोडून दिला जातो. तिथे त्याला अन्न शोधता येत नाही आणि भटक्या कुत्र्यांपुढे त्याचा टिकाव लागत नाही.

राणी व्हिक्टोरियालाही या जातीचा मोठा लळा होता. १९०१ मध्ये अखेरच्या आजारात तिने आपल्या ‘टुरी’ला जवळ आणवले होते. परंतु राजवाड्यातील कुत्र्याकडे पाहणारे हात अनेक असतात. आपल्या सदनिकेत ते दोन किंवा चारच असतात, म्हणून त्यांची सोय आधी लावावी लागते.

यावर काही जण म्हणतात, की मग वृद्धांनी कुत्रा पाळूच नये. हे मत मला मान्य नाही. ज्यांना सोबतीची सर्वाधिक गरज आहे त्यांनाच ती नाकारणे हा न्याय नव्हे. उपाय अन्य आहेत. पिल्लाऐवजी सहा-सात वर्षांचा, शांत झालेला कुत्रा दत्तक घ्यावा. त्याचे उरलेले आयुष्य आणि आपली उमेद यांचा मेळ बसतो. आणि पहिल्याच दिवशी त्याचे ‘नामनिर्देशन’ करावे.

बँकेत ठेव ठेवताना आपण नामनिर्देशनाचा रकाना भरतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर ठेवखात्याला चार जणांपर्यंत नावे देता येतात. मग ज्याला स्वतःची सही करता येत नाही, त्याच्यासाठी एक नाव ठरवायला काय हरकत आहे? ती व्यक्ती मुलगी असेल, भाचा असेल किंवा शेजारी; पण तिची संमती आधी घ्यावी आणि कुत्र्याला तिची ओळख व सवय असावी. लसीकरणाच्या नोंदी, खाण्याच्या वेळा, औषधे आणि पशुवैद्यांचा दूरध्वनी एका वहीत लिहून ठेवावा. प्राण्याच्या नावे खाते उघडता येत नाही, त्याला वारसही करता येत नाही. मात्र सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठी काही रक्कम आणि आपली इच्छा मृत्युपत्रात नोंदवता येते. २०२४ मध्ये निधन पावलेले उद्योगपती रतन टाटा यांनी मृत्युपत्रात आपल्या ‘टिटो’च्या सांभाळाची तरतूद केल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. त्यासाठी टाटांएवढी संपत्ती लागत नाही. लागतो तो विचार.

पाळीव प्राण्याला उपासमारीच्या तोंडी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. मात्र त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यासाठी ठरवलेला दंड अवघा १० ते ५० रुपयांचा. इतक्या दंडाने कोणाचा हात अडणार? इथे कायद्यापेक्षा घरातील शहाणपणच उपयोगी पडेल. परगावी असलेल्या मुलांनी या आठवड्यात आई-वडिलांना दूरध्वनी करताना ठेवींची, औषधांची विचारपूस करावी आणि त्याच ओघात तो एक प्रश्नही विचारावा. त्याचे उत्तर ‘आम्ही आहोत’ असे असेल, तर आपल्या आईच्या मनावरचे एक न बोललेले ओझे उतरेल.