काळ्या पडद्यामागचा दोषी कोण?

खेळ ऐन रंगात आलेला असतो आणि पडदा एकाएकी काळा होतो. पंखे फिरत राहतात, हेडफोनमधून आवाजही येत राहतो, परंतु डोळ्यांपुढे काळोख. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की सर्व सुरळीत. तीन दिवस काहीच घडत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार. दुकानात नेले तर यंत्र तासभर बिनतक्रार चालते आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन घरी परतते. महागडा गेमिंग संगणक घेतलेल्या अनेकांना हा अनुभव परिचयाचा आहे.

वरवर पाहता ही हौशी मुलांची किरकोळ तक्रार वाटेल. परंतु ज्या यंत्राला आपण ‘गेमिंग’चे म्हणतो, त्याच यंत्रावर आज वास्तुरचनेचे आराखडे तयार होतात, लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संपादन होते, ॲनिमेशनचे विद्यार्थी आपले प्रकल्प पूर्ण करतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली, त्याच वेळी ई-स्पोर्ट्सला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. लाखाच्या घरात किंमत असलेले हे यंत्र म्हणजे अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांनी हप्त्यांवर केलेली गुंतवणूक असते. ते अधूनमधून डोळे मिटू लागले की प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. दोष कोणाचा, हे सिद्ध कोणी करायचे, हा खरा प्रश्न आहे.

लक्षण एकीकडे, व्याधी दुसरीकडे

पडदा काळा झाला म्हणजे पडदा बिघडला, हा पहिला समज आणि बहुधा तोच चुकीचा. चित्र मॉनिटरपर्यंत पोहोचण्यापूर्वी प्रोसेसर, स्मृती, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर, पॉवर सप्लाय आणि केबल एवढ्या टप्प्यांतून जाते. यांतील कोणताही एक दुवा क्षणभर निखळला तरी शेवटी दिसते ते एकच, काळा पडदा. गेल्या दोन वर्षांतील दोन मोठी प्रकरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पहिले इंटेलचे. कंपनीच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या श्रेणीचे डेस्कटॉप प्रोसेसर वापरणाऱ्यांचे खेळ २०२४ च्या पूर्वार्धात मध्येच कोसळू लागले. गंमत अशी की पडद्यावर येणारी सूचना ‘ग्राफिक्सची स्मृती अपुरी’ अशा आशयाची असे. साहजिकच अनेकांनी दोष ग्राफिक्स कार्डाला दिला. अखेर एप्रिलमध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानेच अशा ग्राहकांना इंटेलकडे बोट दाखवले. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की प्रोसेसरमधील मायक्रोकोड गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड आला आणि बाधित प्रोसेसरची वॉरंटी २ वर्षांनी वाढवण्यात आली. मात्र जे प्रोसेसर आधीच झिजले होते, ते या सुधारणेने बरे होणार नव्हते. ते बदलूनच घ्यावे लागले.

दुसरे प्रकरण खुद्द एनव्हिडियाचे. जानेवारी २०२५ अखेरीस ५० मालिकेची कार्डे बाजारात आली आणि काही दिवसांतच काळ्या पडद्याच्या तक्रारी सुरू झाल्या. फेब्रुवारीत कंपनीने तपास चालू असल्याचे मान्य केले. त्यानंतर एकामागून एक ड्रायव्हर आले, एप्रिलमधील ५७६.०२ या आवृत्तीत काळ्या पडद्याशी संबंधित अनेक दुरुस्त्या होत्या. मधल्या काळात काही खेळांच्या निर्मात्यांनी जुन्या कार्डांच्या मालकांना चक्क आधीच्या ड्रायव्हरकडे परत जाण्याचा सल्ला दिला. पहिल्या प्रकरणात कार्डावर आळ आला आणि दोष प्रोसेसरचा निघाला. दुसऱ्यात कार्ड धडधाकट असूनही ड्रायव्हरने घात केला. दोन्ही वेळा अनेकांनी भलताच भाग बदलून पाहिला असणार, हे उघड आहे.

तपासाची शिस्त

म्हणूनच अशा बिघाडात पहिले काम निरीक्षणाचे. पडदा काळा झाल्यावर यंत्र जिवंत आहे काय? आवाज चालू असेल आणि कीबोर्डवरील नम लॉकचा दिवा बटण दाबताच लागत-विझत असेल, तर संगणक चालू आहे. शोध केबल, मॉनिटर, कार्ड आणि ड्रायव्हर एवढ्यापुरता मर्यादित करता येतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबल्यास ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. त्याने चित्र परतले तर संशय ड्रायव्हरकडे अधिक झुकतो. पडदा काळा होऊन कार्डाचे पंखे एकदम पूर्ण वेगाने घोंघावू लागले, तर कार्ड, त्याची जोडणी किंवा त्याला मिळणारी वीज यांकडे पाहावे. आणि संपूर्ण यंत्रच विझले किंवा आपोआप नव्याने सुरू झाले, तर पॉवर सप्लाय, अतिउष्णता किंवा घरातील वीजपुरवठा यांचा विचार आधी करावा.

दुसरी पायरी नोंदींची. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक प्रसंगाची वेळेसह नोंद राहते. ग्राफिक्स कार्डाने साधारण २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा उभा करते. तो सावरल्यास ४१०१ क्रमांकाची नोंद उमटते. ४१ क्रमांकाची ‘कर्नल-पॉवर’ नोंद मात्र फसवी आहे. यंत्र रीतसर बंद न होता बंद पडले, एवढेच ती सांगते. का पडले हे सांगत नाही. अनेक दुकानदार या एका नोंदीवरून पॉवर सप्लाय बदलायला लावतात, ते घाईचे आहे.

तिसरी पायरी, एका वेळी एकच बदल. प्रथम फुकटातले उपाय करावेत. दुसरी केबल लावून पाहावी, दुसरा मॉनिटर किंवा घरातील टीव्ही जोडून पाहावा. जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये पूर्णपणे काढून नवा, किंवा पूर्वी नीट चाललेला, बसवावा. स्मृती आणि कार्ड यांना दिलेला जादा वेग काढून टाकावा. मदरबोर्डचे बायॉस अद्ययावत करावे. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल, तर कार्ड काढून काही दिवस त्यावरच काम करून पाहावे. त्या काळात पडदा एकदाही काळा झाला नाही, तर कार्ड आणि त्याचा वीजमार्ग यांवरचा संशय बळावतो. कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून ८० टक्क्यांवर आणल्यावर त्रास थांबला, तरी दिशा तीच मिळते. प्रत्येक बदलानंतर काही दिवस थांबणे मात्र आवश्यक. एकाच बैठकीत पाच गोष्टी बदलल्या आणि त्रास थांबला, तर यंत्र सुधारते, पण कारण कळत नाही. ते पुन्हा बिघडले की शोध पहिल्यापासून करावा लागतो.

विजेचा हिशेब

आजच्या कार्डांची विजेची भूक हा स्वतंत्र विषय आहे. आरटीएक्स ५०९० या कार्डाची घोषित वीजमर्यादा ५७५ वॅट आहे आणि ती वीज ६०० वॅट क्षमतेच्या एका छोट्या जोडणीतून जाते. ही जोडणी पूर्ण बसलेली नसेल तर ती तापते, प्रसंगी वितळते; ४०९० च्या वेळी २०२२ मध्ये अशा घटनांनी बराच गाजावाजा झाला होता. शिवाय कार्डाची मागणी क्षणार्धात सरासरीच्या कितीतरी वर उसळते. ही उसळी पेलण्याची अट २०२२ मधील एटीएक्स ३.० या मानकात घालण्यात आली. त्यापूर्वीचा पॉवर सप्लाय कागदावर पुरेशा वॅटचा असूनही अशा क्षणी स्वसंरक्षणार्थ बंद पडू शकतो. जुन्या पद्धतीच्या ८ पिनांच्या जोडण्या असलेल्या कार्डाला एकाच तारेची दोन तोंडे लावण्याऐवजी दोन स्वतंत्र तारा देणे हा साधा उपायही अनेकदा पुरतो. यंत्राला हात लावण्यापूर्वी वीज बंद करावी, आणि पॉवर सप्लायची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये; वीज काढल्यानंतरही तिच्यात धोकादायक भार शिल्लक असतो.

गोव्यात यापुढचा एक दुवा तपासणे भाग आहे. तो म्हणजे भिंतीतील सॉकेट. वळवाच्या आणि परतीच्या पावसातील विजांचा कडकडाट, क्षणिक खंडित होणारा पुरवठा, किनारी भागातील खारट दमट हवेने गंजणाऱ्या जोडण्या, उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या जांभ्या जमिनीत कमकुवत होणारे अर्थिंग, या सर्वांचा परिणाम संवेदनशील यंत्रावर होतो. स्वस्त यूपीएस पुरवठा जाताच ओबडधोबड लहरींची वीज देतो. काही आधुनिक पॉवर सप्लायना ती मानवत नाही आणि यूपीएस असूनही यंत्र विझते. म्हणून पडदा काळा होण्याची वेळ आणि घरातील दिवे मिणमिणण्याची वेळ जुळते काय, हे वहीत टिपून ठेवावे. जुळत असेल तर वीज खात्याकडे लेखी तक्रार करावी. केंद्राच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनी व्होल्टेजविषयक तक्रारी ठरावीक मुदतीत सोडवण्याची अपेक्षा वितरकांकडून केली आहे.

सिद्ध कोणी करायचे?

एवढा सगळा तपास ग्राहकाने करावा, ही अपेक्षाच मुळात कितपत न्याय्य आहे? अधूनमधून प्रकटणाऱ्या दोषाचे दुर्दैव असे की तो तपासनिसासमोर येत नाही. जुळवलेल्या संगणकाचे सहा-सात भाग तितक्याच कंपन्यांचे असतात. कार्डवाला पॉवर सप्लायकडे बोट दाखवतो, पॉवर सप्लायवाला मदरबोर्डकडे, आणि दुकानदार तिघांकडे. इंटेलने वाढवलेली वॉरंटीदेखील डब्यातून विकलेल्या प्रोसेसरसाठी थेट होती. सुट्या ट्रेमधून किंवा तयार संगणकातून आलेल्या प्रोसेसरसाठी ग्राहकाला विक्रेत्याकडे जावे लागले. स्वस्तात जुळवून घेतलेल्या यंत्राच्या मालकाला हा फरक बहुधा त्या दिवशीच कळला.

युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार वस्तू मिळाल्यापासून १ वर्षाच्या आत दोष दिसला, तर तो विक्रीच्या वेळीच होता असे गृहीत धरले जाते. तसे नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध करायचे असते. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात असे स्पष्ट गृहीतक नाही. तथापि हा कायदा अगदी निःशस्त्रही सोडत नाही. ग्राहकाला आपल्या निवासाच्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. विक्रेता मुंबई वा बंगळूरचा असला तरी म्हापशाच्या ग्राहकाला तेथे धावावे लागत नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही. दोष परीक्षणाविना ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे आणि १९१५ या राष्ट्रीय मदतक्रमांकावरून सुरुवात करता येते.

उणीव आहे ती दुरुस्तीच्या धोरणात. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. मे २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाविषयीचा समितीचा अहवाल सरकारकडे आला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती, उपकरण उघडण्याची सोय अशा निकषांवर वस्तूला गुण द्यावेत, ही त्यामागची कल्पना. सुरुवात मात्र स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून व्हायची आहे. संगणकाचे सुटे भाग त्या रांगेत नाहीत.

ही दिरंगाई आता महाग पडू लागली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी स्मृतीच्या चिप्सची मागणी एवढी वाढवली आहे की डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने चालणाऱ्या सामान्य ग्राहकांसाठीच्या स्मृतिविक्रीतून अंग काढून घेण्याची घोषणा केली. स्मृतीचे दर चढले आहेत. ‘हा भाग बदलून पाहू, नाहीतर तो’ ही दुकानांतली जुनी रीत अशा दिवसांत ग्राहकाच्या खिशाला परवडणारी नाही.

तोपर्यंत ग्राहकाच्या हाती उरते ती त्याची वही. कोणत्या तारखेला, किती वाजता, काय चालू असताना पडदा काळा झाला, आवाज होता की नव्हता, नोंद कोणत्या क्रमांकाची उमटली, कोणता एक बदल केला आणि पुढे काय झाले, ही टिपणे, भ्रमणध्वनीवर घेतलेली एखादी चित्रफीत, प्रत्येक भागाचे अनुक्रमांकासह बिल आणि दुकानाने दिलेला प्रत्येक शेरा जपून ठेवावा. ‘दोष आढळला नाही’ असे तोंडी सांगितले गेले तर ते लेखी मागावे आणि यंत्र किती वेळ, कोणत्या भारावर तपासले हेही त्यात लिहून घ्यावे. दोष पुन्हा उद्भवला, की तो कागद आयोगापुढे ठेवता येतो.