दुरुस्ती आणि झांकाझांक

आमच्या घरीं एक जुनी जीपगाडी आहे. तीर्थरूपांनीं ती सन १९६७ मध्यें दिंडोरीकडील शेतासाठीं घेतली. तिनें द्राक्षांच्या पेट्या वाहिल्या, मुलांस शाळेंत पोंचविलें आणि एकदां भर पावसांत मातुःश्रींस वेळेवर दवाखान्यांत नेलें. यंदा वैशाखांत पुतण्याचें लग्न ठरलें, तेव्हां वरात ह्याच गाडींतून निघावी अशी तरुण मंडळींची हौस. रंगारी आला, गाडीभोंवतीं फिरला आणि म्हणाला, “पंधरा दिवसांत नवी करून देतों. पत्रा खाल्ला आहे तेथें लांबी भरूं.” मंडळी खूष झाली. आमचे वडील बंधु, ज्यांस घरांत सर्वजण दादा म्हणतात, कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं फडताळांतून दाभण काढलें, गाडीखालीं वाकले आणि चालकाच्या पायांखालील पत्र्यास तें टोंचलें. दाभण मुठीपर्यंत आंत गेलें!

ह्या प्रसंगानें आम्हांस बरेंच शिकविलें. तें वाचकांपुढें ठेवितों.

महिंद्र कंपनीनें मुंबईस माझगांवीं जोडलेली पहिली विलिस जीप सन १९४९ मध्यें बाहेर पडली. पुढें आमच्या नाशकांतही त्याच कंपनीचा कारखाना उभा राहिला. ह्या जुन्या जीपगाडीची रचना आपल्या वाड्यासारखी असते. खालीं पोलादी तुळयांचा सांगाडा, त्यावर पत्र्याचें शरीर. आणि दोहोंच्या मध्यें रबराच्या गाद्या घालून बोल्टांनीं आंवळलेले बैठकीचे सांधे. पुढें निघालेल्या बहुतेक मोटारींत वेगळा सांगाडा नसतो, पत्र्याचें कवचच सर्व भार वाहतें. जीपगाडींत मात्र हे सांधे कुजले म्हणजे वरून गाडी धडधाकट दिसते, पण जोराचा ब्रेक लावतांच शरीर सांगाड्यावरून हलूं लागतें. त्यांत आपलीं मुलेंबाळें बसलेलीं असतात.

गंज बरोबर ह्या सांध्यांतच कां धरतो? लोखंडास गंजावयास पाणी आणि हवा हीं दोन्ही लागतात. रबराच्या गादीखालीं चिखल अडकतो, तो स्पंजाप्रमाणें ओल धरून ठेवितो, आणि पाणी निघून जाण्याचीं भोकें बुजलेलीं असतात. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून तो दोन पत्र्यांच्या मध्यें फुगून सांधाच उकलतो. आयुर्वेदांत जुन्या लोहकिट्टास मंडूर म्हणतात व त्याचें भस्म औषधांत घालतात. पण जें औषधाच्या पुडींत शोभतें, तें गाडीच्या तळाशीं शोभत नाहीं.

दादांनीं एक अनुभवी कारागीर शोधला. त्याची रीत पाहण्यासारखी होती. त्यानें प्रथम पेट्रोलची टाकी उतरविली आणि बॅटरी सोडविली, कारण सांधणीची ठिणगी कोणाची भीड धरीत नाहीं. मग लहान हातोडीनें सर्व सांगाडा वाजवून पाहिला. निकोप पोलाद खणखणतें, कुजलेलें बद्द वाजतें. नंतर गाडी सपाट फरशीवर ठोकळ्यांनीं टेंकविली आणि सांगाड्याचे समोरासमोरच्या खुणांमधील कर्ण मोजले. ते समान भरले, म्हणजे सांगाडा वांकलेला नव्हता. भूमितीचा असा उपयोग पाहून आम्हां जुन्या मास्तरांस अर्थातच आनंद झाला.

त्यानें सर्व बोल्ट एकदम काढले नाहींत. शरीर वांकूं नये म्हणून आंतून तात्पुरत्या पट्ट्या जोडल्या आणि एकेक सांधा हातीं घेतला. कुजका पत्रा चकचकीत धातु लागेपर्यंत कापला. कुजक्यावर ठिगळ लावलें नाहीं. नवा तुकडा तेवढ्याच जाडीचा घेतला. सांधतांना एके ठिकाणीं थोडें, मग दूर दुसरीकडे थोडें, असें केलें, नाहींतर उष्णतेनें पत्रा वेडावांकडा होतो. सांगाड्याच्या तुळईवरील ठिगळाचीं टोकें तिरपीं ठेविलीं, म्हणजे सर्व ताण एकाच उभ्या रेषेवर येत नाहीं. सांगाड्यावरील क्रमांकास त्यानें कानस लागूं दिली नाहीं. तो गाडीच्या ओळखीचा पुरावा आहे; आणि सन २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवावयाची झाल्यास सांगाड्यांत मोठा फेरबदल झालेला नसावा लागतो. शेवटीं जस्तयुक्त प्रायमर, पोकळ जागांत मेणाचा फवारा, नव्या रबरी गाद्या, आणि पाण्याचीं भोकें मोकळीं.

जेथें गंज केवळ वरवरचा होता, तेथें त्यानें एक द्रव लाविला, तों तांबूस डाग काळा पडला. अशा द्रवांत टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्ल असतें. आमचे पूर्वज हिरडा आणि हिराकस ह्यांची काळी शाई करीत, तींतही टॅनिन व लोह ह्यांचाच संयोग. मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षें टिकला, त्याचें कारणही त्या लोखंडांतील स्फुरदामुळें बनलेला पातळ थर होय, असें शास्त्रज्ञ सांगतात. मात्र भोंक पडलेल्या पत्र्यास असा लेप उपयोगी नाहीं.

ह्या कामास तीन महिने लागले. वरात दुसऱ्याच गाडींतून निघाली. पुतण्या हिरमुसला, तेव्हां दादा एवढेंच म्हणाले, “बाळ, ज्या गाडीचा तळ मला ठाऊक आहे, तींत तुझ्या बायकोला मी बसविणार नाहीं.” तो निमूट राहिला. श्रावणांत मंगळागौरीसाठीं सूनबाईंस माहेराहून आणावयास हीच जीपगाडी गेली, आणि ती चालवीत होता पुतण्या.

वाचकहो, आपल्या एकत्र कुटुंबांतही असे सांधे असतात, जेथें दोन माणसांमध्यें ओल सांचते आणि वरून रंग झकास दिसतो. तेथें लांबी भरणारे पुष्कळ भेटतात. परंतु वर्षांतून एकदां दाभण घेऊन खालीं वांकणारा एक तरी वडीलधारा घरांत असावा, आणि तो वांकला असतां इतरांनीं त्यास हंसूं नये. आम्ही त्या दिवशीं थोडे हंसलों होतों, हें येथें कबूल करणें भाग आहे.