लेकराच्या मनगटावरचे घड्याळ

६ डिसेंबरला महापरिनिर्वाणदिनी अंतरवाली सराटीसारख्या गावांतून आपली माणसे जालन्याला रेल्वे धरून लेकराबाळांसह दादरला चैत्यभूमीवर जातात. गर्दीत पोर चुकू नये म्हणून फोनचे घड्याळ घ्यावे का, असे माय-बहिणी आता विचारतात. घ्यायचे तर पारखून घ्यावे.

या घड्याळात सिमकार्ड लागते. म्हणजे रिचार्जचा खर्च मागे लागला. टू-जीच्या घड्याळात जिओचे सिम चालत नाही. म्हणून फोर-जीचे घ्या आणि गावात ज्या कंपनीची रेंज आहे तिचेच सिम टाका. ठिकाण जीपीएसवरून कळते का, हे दुकानदाराला विचारा. नुसत्या टॉवरवरून सांगितलेले ठिकाण शेकडो मीटर चुकू शकते. गुपचूप आजूबाजूचे बोलणे ऐकवणाऱ्या मुलांच्या घड्याळांवर जर्मनीने २०१७ साली बंदी घातली. तसले आपणही घेऊ नये.

पण लाखोंच्या गर्दीत नेटवर्कच अडकते, चार्जिंगही संपते. तेव्हा घड्याळ असो वा नसो, लेकराच्या खिशात नाव, गाव आणि दोन मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. एक नंबर तोंडपाठ करून घ्या. चुकामूक झाली तर जागचे हलायचे नाही, पोलीस दिसला की त्याला सांगायचे, हे शिकवा. मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन आणि ११२ नंबर फुकट आहेत. मजुरीचा पैसा घड्याळात घालण्याआधी ही बिनपैशाची तयारी घरोघरी झाली पाहिजे.