हात लावू नये!

"आपल्या लोकांना कलेची जाणच नाही हो!" संग्रहालयं ओस का पडतात हा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. हल्ली ते ऐकलं की माझं डोकंच फिरतं. म्हणजे दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही, तर दोष गिऱ्हाइकाचा?

जाण नाही म्हणता? हीच माणसं पैठणीचा पदर उलटा करून विणकाम तपासतात. गणपतीच्या मूर्तीचे डोळे नीट उतरलेत की नाही यावर तासभर वाद घालतात. नजर आहे हो लोकांना! संग्रहालयात त्या नजरेला कोणी विचारत नाही, एवढंच. काचेमागे वस्तू आणि खाली चिठ्ठी, 'पितळ, अठरावे शतक'. बस्स. कोणी केली, कोणी वापरली, इथवर कशी आली, काही नाही. ठळक अक्षरात काय, तर 'हात लावू नये'. ते मान्य आहे, वस्तू जपायलाच हव्यात. पण रेंगाळायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, बसायला धड बाकडं नाही... मग माणूस दहा मिनिटांत बाहेर पडणार नाही तर काय करणार?

पूर्वीपासून हे असंच होतं असंही नाही. साताऱ्याजवळच्या औंधचं श्री भवानी संग्रहालय बघा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ साली उभं केलं. राजा रविवर्म्याची चित्रं, हेन्री मूरचं शिल्प, असला ऐवज. हे सगळं राजवाड्यात कुलपात ठेवता आलं असतं. त्यांनी जागा निवडली ती यमाईच्या डोंगराच्या उतारावर, देवीला जाणाऱ्या लोकांच्या वाटेवर! लोक जिथे आधीपासून जातात तिथे कला न्यायची, ही साधी गोष्ट त्या राजाला कळली होती. स्वतः चित्रकार, शिवाय कीर्तनकार. समोरच्या माणसाला धरून कसं ठेवायचं हे कीर्तनकाराला कोणी शिकवावं लागत नाही. आणि १९३९ च्या जानेवारीत याच राजानं राज्यघटना देऊन कारभार रयतेच्या हाती सोपवला. या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत.

दुसरं उदाहरण पुण्याचं. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे जमवले आणि अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. तिथल्या अडकित्त्यांसमोर एखाद्या आजीबाईंना उभं करून बघा. चिठ्ठीवर नसलेल्या चार गोष्टी त्या सांगतील. प्रश्न असा आहे, की त्या गोष्टी कोणी लिहून घेतं का?

माझं भांडण नेमकं इथे आहे. 'लोकांशी जोडून घेणं' म्हटलं की आजकाल सेल्फी पॉइंट, फूड स्टॉल आणि एखादा फेस्टिव्हल उभा राहतो. गर्दी होते, फोटो येतात, आकडे दाखवता येतात. पण गर्दी म्हणजे नातं नव्हे! मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ साली फिरतं संग्रहालय सुरू केलं, बसमधून वस्तू थेट शाळांपर्यंत, गावांपर्यंत. उत्तमच. पण अशा प्रत्येक उपक्रमाला मला एक विचारायचंय. गाडी जाताना भरलेली असते, येताना त्या गावाकडून काय घेऊन येते?

नातं म्हणजे देवघेव. तांबट आळीतल्या कारागिराला बोलवा, भांड्याची चिठ्ठी त्याच्याकडून लिहून घ्या. मातीच्या मूर्तींबद्दल कुंभाराला बोलू द्या आणि त्याला त्याचं मानधन द्या, नुसता नारळ आणि शाल नको. आठवड्यातून एक दिवस तरी संध्याकाळी उघडं ठेवा. नोकरी करणाऱ्या माणसानं अकरा ते पाचमध्ये यायचं कसं? आणि चिठ्ठ्या मराठीत लिहा, शासकीय मराठीत नव्हे, आपल्या!

यावर तज्ज्ञ म्हणतील, असं केलं तर अभ्यासाची शिस्त बिघडेल. का बिघडेल? शतक कोणतं हे तज्ज्ञानं सांगावं, वस्तू वापरायची कशी हे वापरणाऱ्यानं. दोघांच्या चिठ्ठ्या शेजारी-शेजारी लावा. काचेमागे पुरेशी जागा असते.

असो. फार बोललो. पण ब्लॉगवाल्या मंडळींना आणि (हे वाचत असतील तर) आमच्या काका-मावश्यांना एक विनंती. पुढच्या सुट्टीत गावाजवळच्या संग्रहालयात जा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला घेऊन जा. आणि दाराशी अभिप्रायाची वही असेल तर 'छान आहे' लिहून सही ठोकू नका. तिथली एखादी वस्तू तुमच्या घरात काय म्हणून वापरली जायची, ते लिहा. वही भरली तर कोणाला तरी वाचावीच लागेल!