गाडी गॅरेजला देऊ नका, मुलांकडून खोलून घ्या

बर्लिनच्या आई-बाबांनो, इथे 15व्या वर्षी एएम लायसन्स मिळतं आणि मुलं पूर्व जर्मनीतली जुनी सिम्सन मागतात. इतर मोपेडना 45ची वेगमर्यादा, हिला 60ची! आमच्याकडेही एक आली, तीन हिवाळे तळघरात उभी राहिलेली. किक मारून पाय दुखले. लेक म्हणाली, "बाबा, गॅरेजला देऊ या ना." मी नाही म्हटलं.

उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर उरतो आणि कार्बोरेटरच्या जेटचं बारीक भोक बुजतं. आम्ही अंगणात कॉक बंद करून फ्लोटची वाटी रिकामी केली. लेकीने जेट काढून उजेडात धरलं. आरपार काही दिसेना. क्लीनर मारला, सायकलच्या पंपाने हवा दिली. तार घालू नका, भोक मोठं होतं. जुनं पेट्रोल गटारात नको, घातक कचऱ्याच्या केंद्रात द्या. ताजं पेट्रोल घातलं आणि पाचव्या किकला धूर!

शिकवणीला आपण मुलांना हौसेने नेतो, पण हात काळे झाले की कमीपणा वाटतो. हे मला पटत नाही. शिवाय त्या दोन तासांत लेक मराठीतच बोलत होती, कारण पाना, आटे, वायसर यांचे जर्मन शब्द मलाच येत नव्हते.

तुमच्या तळघरात काय उभं आहे?