चेहरा नसलेला नायक, जबाबदारी नसलेला खेळाडू
विशेष प्रतिनिधी

प्रौढांसाठीच्या संगणक खेळांवरून जुलै २०२५ मध्ये जगभर वादळ उठले. ‘कलेक्टिव्ह शाउट’ या ऑस्ट्रेलियातील संघटनेने पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र लिहिले. बलात्काराचे आणि रक्ताच्या नात्यातील लैंगिक संबंधांचे चित्रण करणाऱ्या खेळांच्या विक्रीचे व्यवहार या कंपन्यांनी थांबवावेत, अशी तिची मागणी होती. त्यानंतर ‘स्टीम’ या विक्री-संकेतस्थळाने नियम बदलून असे अनेक खेळ काढून टाकले. ‘इच डॉट आयओ’ने तर २४ जुलै रोजी प्रौढांसाठीचे सारेच खेळ शोधयादीतून हटविले. या गदारोळात चर्चा झाली ती खेळात काय दाखविले जाते याची. ते कोणाच्या नजरेतून दाखविले जाते, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

रिकामी चौकट

या खेळांचा एक मोठा प्रवाह जपानमधून आला आहे. पडद्यावर पात्राचे चित्र, खाली संवाद आणि अधूनमधून दोन-तीन पर्यायांतून एकाची निवड, असे ‘व्हिज्युअल नॉव्हेल’चे स्वरूप असते. यांतील अनेक खेळांमध्ये नायिकेच्या केसाच्या बटेपासून गणवेशाच्या गाठीपर्यंत सारे काही बारकाईने रेखाटलेले असते. नायकाला मात्र चेहराच नसतो. तो चित्रात आलाच तर डोळे केसांआड झाकलेले असतात किंवा पाठ वळलेली असते. प्रणयप्रसंगातही चौकटीत असतो तो नायिकेचा चेहरा. नायकाचा दिसतो केवळ हात किंवा खांदा. साऱ्या पात्रांना आवाज असला, तरी तो बहुधा मुकाच असतो.

यामागे खर्चाचे गणित आहे. नायक जवळजवळ प्रत्येक प्रसंगात असल्याने त्याची चित्रे आणि ध्वनिमुद्रण वाचले, की मोठी बचत होते. परंतु मुख्य हेतू वेगळा आहे. नायकाची जागा रिकामी ठेवली, की खेळाडू सहज तिथे जाऊन बसतो. ‘कोनामी’च्या १९९४ मधील ‘तोकिमेकी मेमोरियल’ या सर्व वयोगटांसाठीच्या प्रणयखेळात तर खेळाडू स्वतःचे नाव, जन्मतारीख आणि रक्तगटही नोंदवीत असे. लाजऱ्या तरुणाला मनातले बोलण्याचे धाडस देणारी ही युक्ती तिथे निरुपद्रवी ठरते.

बळजबरीच्या कथेत मात्र तिचा अर्थ पालटतो. कृत्य नायकाचे, निवड खेळाडूची आणि चेहरा कोणाचाच नाही, अशी स्थिती निर्माण होते. ज्याला भूतकाळ नाही, भय नाही आणि परिणामांची झळ नाही, अशा नायकाच्या आडून खेळाडू कृत्यात हजर असतो. जबाबदारीच्या वेळी मात्र गैरहजर राहू शकतो.

यादीचा उपाय

नियामकांचे लक्ष या रचनेकडे क्वचितच गेले. जपानमध्ये १९९२ मध्ये उत्पादकांनी ‘सोफुरिन’ ही स्वयंनियमन करणारी संस्था स्थापन केली. दंडसंहितेच्या १७५ व्या कलमामुळे गुप्तांगांचे चित्रण धूसर करण्याची पद्धत तेथे पडलेलीच होती. २००६ मधील ‘रेपले’ या खेळाविरुद्ध ‘इक्वॅलिटी नाऊ’ या संघटनेने २००९ मध्ये आवाज उठविल्यावर ‘सोफुरिन’ने लैंगिक अत्याचारावर आधारित खेळांवर बंदी घातली. २००९ काय किंवा २०२५ काय, उपाय एकच होता: निषिद्ध विषयांची यादी. अशा यादीची गरज नाकारता येत नाही. अत्याचाराला करमणुकीचे रूप देणाऱ्या खेळाची पाठराखण कोण करील? पण यादी विषय पाहते, दृष्टी पाहत नाही.

चेहरा असलेले नायक

दृष्टी बदलली की काय घडते, याची उदाहरणे याच व्यवसायात आहेत. ‘टाइप-मून’च्या २००४ मधील ‘फेट/स्टे नाइट’चा नायक शिरो एमिया याला चेहरा आहे आणि जखमही. आगीतून वाचल्याचे ओझे वाहणारा हा मुलगा इतरांसाठी स्वतःला झोकून देतो आणि कथेतील स्त्रियाच त्याच्या या हट्टाला प्रश्न विचारतात. प्रणयप्रसंग वगळून २००७ मध्ये हा खेळ ‘प्लेस्टेशन २’वर आला, तेव्हाही कथा उभी राहिली, कारण तिचा कणा नायकाचे चारित्र्य हा होता.

‘ओव्हरफ्लो’चा २००५ मधील ‘स्कूल डेज’ अधिक कठोर आहे. त्याचा नायक माकोतो इतो चेहऱ्याने आणि आवाजाने पडद्यावर वावरतो. त्याचा दुबळेपणा आणि बेइमानी खेळाडूला बाहेरून पाहावी लागते. निवडी चुकल्या, तर काही शेवटांत त्याचा खूनही होतो. येथे खेळाडूला पळवाट नाही.

‘इच डॉट आयओ’ने सरसकट सारेच हटविले, तेव्हा असा भेद करण्यास वावच उरला नाही. तो भेद कार्ड कंपन्या करतील, ही अपेक्षाही व्यर्थ आहे. आर्थिक जोखीम मोजणे हे त्यांचे काम. तो करावा लागेल तो खेळ रचणाऱ्यांना, समीक्षकांना आणि खेळाडूंना. नायकाला डोळे काढावेत की ते केसांआड झाकावेत, हा निर्णय चित्रकाराच्या मेजावर होतो. पडद्यावरील स्त्री माणूस म्हणून दिसणार की वस्तू म्हणून, याचा बराचसा निकाल तिथेच लागतो.